संदेष्ट्यांची पुस्तके अंतर्मुख होऊन कशी वाचावीत

‘भविष्य’ हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पंचांग, कुंडली आणि वर्तमानपत्रातील राशिभविष्य उभे राहते, आणि पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, भविष्यवाणी वाचतानाही तीच अपेक्षा नकळत मनात शिरते. पुढे काय घडणार, कोणते राज्य बुडणार, कोणते युद्ध पेटणार, हे कळावे म्हणून पुष्कळ जण त्यातील दानीएल किंवा प्रकटीकरण ही पुस्तके उघडतात आणि चार-पाच अध्यायांनंतर गोंधळून मिटून ठेवतात. आपल्या भाषांतरांत ज्याला ‘संदेष्टा’ म्हटले आहे, त्या माणसासाठी मूळ हिब्रूत ‘नाबी’ हा शब्द आहे, आणि त्याच्या अर्थात दुसऱ्याच्या वतीने बोलणे हा भाग मोठा आहे. निर्गम या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशेच्या वतीने मिसरच्या (इजिप्तच्या) फारो राजाशी बोलणाऱ्या अहरोनालाही हाच शब्द लावला आहे. तेथे भविष्य सांगण्याचा संबंधच नाही. घरी निरोप्या आला तर आपण त्याला ‘पुढच्या वर्षी काय होईल?’ असे विचारत नाही, ‘निरोप कोणाला आहे?’ असे विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर ‘मला’ असे धरून ही पुस्तके कशी वाचावीत, आणि तसे वाचताना पाय कोठे घसरतो, एवढाच या लेखाचा विषय आहे. सोलापुरात आमचा आठ-दहा जणांचा अभ्यासगट दर गुरुवारी संध्याकाळी पूर्व भागातील एका घरी जमतो. पुढे सांगितलेली रीत तेथेच, चुकत-माकत, ठरत गेली आहे.

आरंभ नाथानापासून

कोणत्याही संदेष्ट्याचे पुस्तक हाती घेण्याआधी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील बारावा अध्याय वाचावा. दावीद राजाने उरीयाची बायको आपल्या घरी आणली आहे आणि उरीयाला रणांगणावर पुढे धाडून मारवले आहे. नाथान हा संदेष्टा त्याच्याकडे येतो, पण आरोप करीत नाही. एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे शेरडामेंढरांचे कळप आहेत, आणि एका गरिबाकडे एकच कोकरी, जी त्याच्या मुलांबरोबर वाढली आहे आणि त्याच्याच घासातला घास खाते. श्रीमंताकडे पाहुणा येतो, तेव्हा तो स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची कोकरी कापतो. दावीद संतापून म्हणतो की हा माणूस मरणदंडास पात्र आहे आणि त्याने चौपट भरपाई दिली पाहिजे. नाथान उत्तर देतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’

दाविदाचा निवाडा चुकलेला नव्हता. चौपट भरपाई तर नियमशास्त्रातच सांगितली आहे. चुकला होता तो फक्त पत्ता. संदेष्ट्यांची पुस्तके वाचताना आपलीही हीच चूक होते. यशयाच्या पहिल्या अध्यायात लाचखाऊ अधिकारी आणि पोकळ उपासना यांवर जे कोरडे ओढले आहेत, ते वाचताना आपल्याला नगरसेवक आठवतो, शेजारच्या मंडळीचे (चर्चचे) पाळक आठवतात, भाऊबंद आठवतात. स्वतःचा चेहरा आठवत नाही. यावर आम्ही एक साधा उपाय करतो. पहिल्या वाचनात ज्या ज्या माणसाचा चेहरा मनात आला, त्याच्या नावाचे आद्याक्षर वहीच्या समासात पेन्सिलीने लिहायचे. दुसऱ्या वाचनाच्या वेळी ती सर्व अक्षरे खोडायची आणि त्या ठिकाणी ‘मी’ लिहून तीच वचने पुन्हा, शक्यतो मोठ्याने, वाचायची. पहिल्या एक-दोन वेळा हा पोरखेळ वाटतो, आणि तिसऱ्या वेळी तो करायचा कंटाळा येऊ लागतो. तो कंटाळा कोणत्या वचनापाशी आला, याचीही नोंद ठेवावी.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ख्रिस्ती वाचकांनी शतकानुशतके या पुस्तकांतील शाप यहुदी लोकांच्या माथी मारले आणि आशीर्वाद तेवढे स्वतःकडे घेतले. ज्या ‘ताठ मानेच्या’ लोकांशी संदेष्टे बोलत होते ते त्यांचे स्वतःचे लोक होते, आणि ही कठोर बोलणी त्याच लोकांनी जपून ठेवली, म्हणून तर ती आपल्यापर्यंत पोहोचली. ‘ते लोक किती हट्टी होते’ हे वाक्य मनात आले की दाविदाची खुर्ची आपण पटकावली आहे, हे ओळखावे.

कोणते पुस्तक, कोणत्या साहित्यासह

साहित्य फारसे लागत नाही. संदर्भवचने दिलेले एक पवित्र शास्त्र, शक्य असल्यास दुसरे एखादे भाषांतर, वही आणि पेन्सिल. दुसऱ्या भाषांतराचा फायदा असा की पाठ झालेले वचन अचानक परके वाटते आणि वाचणे भाग पडते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून जे भाषांतर केले आणि १९२२ मध्ये निधनापूर्वी पूर्णत्वास नेले, ते कोणाच्या घरी असेल तर अवश्य जवळ ठेवावे. सोलापुरात तर पुष्कळ घरांत मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड वाचणारे माणूस असतेच. त्याला त्याच्या भाषेतील तेच वचन वाचून अर्थ सांगायला लावले, की आपल्या वाचनातील गृहीतके उघडी पडतात.

आरंभ हाग्गय या संदेष्ट्याच्या पुस्तकापासून करावा असे माझे मत आहे. पुस्तक दोनच अध्यायांचे, ३८ वचनांचे आहे आणि एका बैठकीत संपते. प्रकटीकरण आणि दानीएलचा उत्तरार्ध पहिले वर्षभर तरी बाजूला ठेवावा. ती पुस्तके कमी महत्त्वाची आहेत असे नाही, पण त्यांतील शिंगे, श्वापदे आणि आकडे पाहिले की नवशिका वाचक हिशेब मांडू लागतो आणि आत पाहायचे विसरतो.

हाग्गय: एक पाठ सावकाश

आत वळण्यापूर्वी बाहेरचे नीट पाहून घ्यावे लागते. कोण बोलतो, केव्हा, कोणाशी, हे तीन प्रश्न आधी वहीत उतरवावेत. हाग्गयाने तारखा स्वतःच दिल्या आहेत. दारयावेश राजाचे दुसरे वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५२०. यरुशलेम आणि तेथील मंदिर बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने उद्ध्वस्त केल्याला पासष्टहून अधिक वर्षे झाली होती. पुढे पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याने परतण्याची मुभा दिली, काही लोक परत आले, मंदिराचा पाया घातला गेला आणि काम थांबले. इतक्यात लोकांनी स्वतःच्या घरांना मात्र लाकडी तक्तपोशी करून घेतली. ‘मंदिर बांधायची वेळ अजून आली नाही’ असे ते म्हणत होते. हे सगळे लक्षात न घेता पहिल्या अध्यायातील सहावे वचन वाचले तर ते नुसते सुभाषित वाटते: पुष्कळ पेरता पण थोडेच हाती येते, खाता पण तृप्ती नाही, पांघरता पण ऊब नाही, आणि मजुरी मिळवणारा ती भोके पडलेल्या पिशवीत टाकतो.

यानंतर आत वळावे. या वचनाच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे, हाग्गय एकच आज्ञा करतो, आणि तिचा हिब्रूतील शब्दशः अर्थ ‘आपले अंतःकरण आपल्या वाटांवर ठेवा’ असा आहे. म्हणून आमच्या गटात आठवडाभर एकच काम दिले जाते. रोज रात्री वहीत लिहायचे: आज पिशवीत काय पडले आणि कोणत्या भोकातून गळाले. पैसा, वेळ, राग, बोलणे, काहीही. माझ्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी वाचल्यावर दिसले की रोज रात्रीचा पाऊण तास गावाकडच्या शेताच्या बांधावरून चुलतभावांशी मोबाइलवर चाललेल्या वादात जात होता, आणि प्रार्थनेला बसल्यावरही मी मनातल्या मनात त्यांना उत्तरेच लिहीत होतो. भोक मोबाइलला नव्हते. माझी बाजू कोणीतरी बरोबर ठरवावी ही जी भूक होती, तेथे कितीही घातले तरी पिशवी रिकामीच राहत होती.

येथे थांबून नुसता पश्चात्ताप करीत बसणे सोपे असते, परंतु हाग्गय तेथे थांबू देत नाही. त्याचा पुढचा शब्द अगदी अंगमेहनतीचा आहे: डोंगरावर जा, लाकूड आणा, घर बांधा. म्हणून अंतर्मुख वाचनाचा प्रत्येक पाठ एका ‘लाकडापाशी’ संपवावा, म्हणजे हाताने, पायाने किंवा तोंडाने करायची एक लहान गोष्ट ठरवावी. मी धाकट्या चुलतभावाला फोन केला आणि बांधाचा विषय न काढता काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली. वाद मिटला नाही. तो अजूनही चालू आहे. रात्रीची उत्तरे मात्र बंद झाली.

या अध्यायातील शेवटची तारीख बहुतेक वाचक ओलांडून जातात. निरोप आला सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि काम सुरू झाले त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी. मधल्या तेवीस दिवसांत लोकांनी ऐकले, ते भ्याले, ‘मी तुमच्याबरोबर आहे’ हे वचन त्यांना मिळाले आणि त्यांचा आत्मा चेतवला गेला, असे तीन-चार वाक्यांत सांगितले आहे. वचन वाचले आणि त्याच संध्याकाळी आपण बदललो नाही म्हणून खंत करणाऱ्यांनी हे तेवीस दिवस ध्यानात ठेवावेत.

नगरे आणि नद्या यांचे काय करावे

संदेष्ट्यांच्या पुस्तकांत यरुशलेम, बाबेल, मिसर, अरण्य ही नावे पुन्हा पुन्हा येतात. ती आतल्या अवस्थांची नावे म्हणून वाचण्याची परंपरा फार जुनी आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी योहान कॅसियन या मठवासी लेखकाने यरुशलेमचेच उदाहरण घेऊन चार अर्थ दाखवले होते: इतिहासाच्या दृष्टीने ते यहुद्यांचे नगर, रूपकाच्या दृष्टीने ख्रिस्ताची मंडळी, अंतिम आशेच्या दृष्टीने स्वर्गीय नगर आणि आचरणाच्या दृष्टीने माणसाचा आत्मा. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील वाचकाला हे अवघड वाटू नये. ‘काया ही पंढरी’ हे एकनाथांचे शब्द ऐकून येथे कोणी चंद्रभागेचे वाळवंट खोटे ठरवत नाही, आणि वारीही थांबत नाही. तसेच यरुशलेम म्हणजे माझा आत्मा असे वाचताना खरे यरुशलेम, त्याचा वेढा आणि तेथील उपाशी लेकरे पुसून टाकू नयेत.

मात्र याचा शब्दकोश करू नये. बाबेल म्हणजे गर्व, मिसर म्हणजे वासना, असे एकदा ठरवून टाकले की वाचन यांत्रिक होते, आणि शिवाय ते खोटेही पडते, कारण यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात त्याच बाबेलात घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे.

हिज्कीयाची पंधरा वर्षे

सोलापूरकरांनी एक अध्याय विशेष सावकाश वाचावा, तो म्हणजे यशयाचा अडतिसावा. यहुदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, आणि त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षांची भर पडते. बरा झाल्यावर लिहिलेल्या त्याच्या स्तोत्रात बाराव्या वचनात तो म्हणतो की विणकर कापड गुंडाळतो तसे मी माझे जीवन गुंडाळले, आणि देव मला मागावरून कापून वेगळे करीत आहे.

आमच्या गटात एक वयोवृद्ध काका आहेत, ज्यांचे उभे आयुष्य यंत्रमागावर गेले. हे वचन वाचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी दोन्ही हातांची बोटे जुळवून दाखवली आणि समजावले की बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, संपले की कापड कापून उतरवतात, पण ताण्याची जुनी टोके फणीतून उपसून टाकत नाहीत. ती तशीच ठेवून नव्या बीमचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडतात आणि माग पुन्हा सुरू करतात. वेळ वाचतो. पण मग कापडही आधीचेच निघते, कारण धागे ज्या घरांतून ओवलेले होते त्याच घरांतून पुढे सरकतात. कापडाची जात बदलायची असेल तर सगळे धागे काढून पुन्हा ओवावे लागतात, आणि ते काम कंटाळवाणे असते. ‘राजाला नवे बीम मिळाले,’ काका म्हणाले, ‘पण ओवणी जुनीच राहिली.’

एकोणचाळिसावा अध्याय उघडल्यावर काकांचे म्हणणे किती नेमके आहे ते दिसते. बाबेलचे दूत समाचाराला येतात आणि हिज्कीया त्यांना आपले सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रागार, सगळे दाखवतो. हे सर्व एक दिवस बाबेलास नेले जाईल आणि तुझ्या वंशजांनाही नेतील, असे यशया त्याला बजावतो. आणि राजा म्हणतो की वचन चांगले आहे, कारण माझ्या दिवसांत तरी शांती राहील. हे वाक्य वाचून राजाला नावे ठेवण्यापूर्वी नाथानाची आठवण ठेवावी. दवाखान्यातून सुखरूप घरी आल्यावर, कर्ज फिटल्यावर, पोराला नोकरी लागल्यावर आपण नवे बीम जोडले की धागे पुन्हा ओवले, हा प्रश्न वहीत लिहून त्याखाली अर्धे पान मोकळे सोडावे.

यानंतर लगेच यहेज्केलाच्या छत्तिसाव्या अध्यायातील सव्विसावे वचन वाचावे, कारण ओवणी बदलण्याची भाषा तेथे आहे. पाषाणाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे हे वचन सर्वांना पाठ असते. हिब्रूत ‘लेव’ म्हणजे हृदय हे केवळ भावनेचे स्थान नाही. विचार आणि निश्चय तेथेच होतात. तेव्हा दगडाचे हृदय म्हणजे न रडणारा माणूस नव्हे; नवीन काही आत घेऊ न शकणारा, आधीच ठरवून बसलेला माणूस. या परिच्छेदातील क्रियापदे पेन्सिलीने अधोरेखित करावीत: मी काढीन, मी देईन, मी घालीन. कर्ता परमेश्वर आहे. आणि पुढे एकतिसाव्या वचनात स्वतःच्या दुराचाराची आठवण आणि किळस येते, म्हणजे हृदय आधी मिळते आणि लाज नंतर वाटते. आपण बहुधा उलट क्रम धरतो: आधी पुरेसे लाजावे, मग देव जवळ करील. या एका क्रमावर आमच्या गटात दोन गुरुवार गेले, आणि ते गेले याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

पाय कोठे घसरतो

आत वळणारा वाचक दोन ठिकाणी हमखास घसरतो. पहिले ठिकाण म्हणजे गोड वचन तेवढे उचलणे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन, ज्यात देवाचे संकल्प हिताचे असल्याचे सांगितले आहे, ते आपल्या घरोघरच्या कॅलेंडरांवर असते. त्याच्या आधीचे दहावे वचन बाबेलातील ७० वर्षांविषयी आहे, हे कॅलेंडरवर नसते. हा अध्याय म्हणजे यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना पाठवलेले पत्र आहे, आणि ज्यांनी ते ऐकले त्यांतील बहुतेक प्रौढ माणसे बंदिवासातच मरणार होती. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे ठीक होईल असे सांगतो, आणि तो खोटा ठरतो. आपल्या वाचनातून सतत दिलासाच निघत असेल, तर आपण यिर्मया वाचतो आहोत की हनन्या, हे तपासावे.

दुसरे ठिकाण अधिक निसरडे आहे. आमोसाच्या आठव्या अध्यायातील व्यापारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, कधी सरतो याची वाट पाहतात, म्हणजे माप लहान करून, वजन मोठे करून, खोट्या तराजूने धान्य विकता येईल. ‘हा तराजू म्हणजे माझ्या मनाचा समतोल’ असा अर्थ काढता येतो, आणि तो काढणाऱ्याला फार आध्यात्मिक वाटते. पण आमोस मार्केट यार्डातल्या काट्याविषयीच बोलत होता. ज्याच्या कारखान्यात टॉवेलाच्या नगामागे मजुरी कापली जाते, त्याने या वचनावर ध्यान करण्याआधी हिशेबाची वही उघडावी. आतला अर्थ बाहेरच्या अर्थाला रद्द करीत असेल तर तो आतला अर्थ नव्हे, पळवाट आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात शास्त्रातील कोणताही संदेश कोणाच्या खाजगी अर्थाचा विषय नाही असे जे बजावले आहे, त्याचा आम्ही व्यवहारात अर्थ असा घेतो की स्वतःला गवसलेला अर्थ निदान एका अशा माणसाला सांगावा, जो आपल्याला ‘नाही’ म्हणू शकतो.

तारखांच्या गणिताबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी दानीएलमधील २३०० दिवसांवरून हिशेब मांडला, त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख धरली, आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो दिवस पुत्रालाही, म्हणजे येशूलाही, ठाऊक नाही असे असताना हा खटाटोप कशासाठी करायचा, हे मला कधी कळले नाही.

वर्षभरानंतर प्रकटीकरण उघडलेच, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांतील सात मंडळ्यांच्या पत्रांपाशी मुक्काम करावा. दाराशी उभे राहून ठोकणाऱ्या प्रभूचे चित्र आपण नेहमी अविश्वासी माणसाला दाखवतो. पण ते पत्र लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे रोज उपासनेला येणाऱ्यांना लिहिलेले आहे. दार आतून त्यांनीच लावून घेतले आहे.

एक व्यावहारिक सूचना राहिली. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घालावी. हाग्गयाचे चारही निरोप चार महिन्यांच्या आतले आहेत, आणि नवव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी तो लोकांना त्या दिवसाची नोंद ठेवायला सांगतो. मग विचारतो, बी अजून कोठारातच आहे का? द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, जैतून यांना अजून फळ आलेले नाही, हे तो स्वतःच मान्य करतो, आणि तरीही आजपासून आशीर्वाद देईन असे परमेश्वराचे वचन सांगतो. रब्बीची ज्वारी पेरून आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्या भागात हे वचन फोडून सांगावे लागत नाही. पहिल्या पाठाच्या पानावर आजची तारीख लिहावी, चार महिन्यांनंतरच्या तारखेला त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवावा, आणि त्या दिवशी ते पान उघडून ठरवलेले लाकूड आणले की नाही एवढेच पाहावे.